आंब्याखालचं सारवण

आमच्या बनुबाईसारखी हट्टी बाई पोलादपुरात दुसरी नव्हती. प्लेग आला, शाळा बंद झाली आणि शाळा सारवायचं तिचं काम गेलं. गाव माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलं. पोरं पदर धरून, मग बाया भात झोडायला जाणार कशा? शेवटी मास्तरांनी आंब्याखाली शाळा उघडली. पहिल्याच सकाळी बघतात तर झाडाखालची जमीन शेणानं सारवलेली!

"बनुबाई, उघड्या माळावर सारवण कसलं गं?"

"शाळा हाय नं ही? मंग?"

मास्तर हसले. बनुबाईचं काम सुरू झालं, बाया झोडणीला गेल्या, मोकळ्या हवेत पोरांना साधा तापही आला नाही. प्लेग सरल्यावर पोरं आंबा सोडून जुन्या शाळेत पाऊल टाकेनात. मास्तर म्हणाले, "बनुबाई, तूच समजाव."

बनुबाई शेणाची पाटी घेऊन केव्हाच आंब्याकडे निघाली होती.