बाई मुकी झाली तेव्हा

अक्काचा फोन सकाळी सहाला आला की मी आधी घाबरते आणि मग चिडते. त्या दिवशी दोन्ही एकदमच झालं. ती म्हणाली, "बारके, बाई मुकी झाली गं."

बाई म्हणजे तिच्या कॉम्प्युटरमधला आवाज. अक्का माझी थोरली बहीण, लातूरला एकटी राहते. उभा जन्म तिनं खेड्यापाड्यांतल्या शाळांमध्ये शिकवण्यात घालवला. निवृत्तीनंतर साखरेनं हळूहळू तिचे डोळे खाल्ले, आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. तिचा मुलगा, माझा भाचा, नोकरीसाठी परदेशी निघाला तेव्हा त्यानं पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणारं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि त्याला बाईच्या आवाजातलं मराठी जोडलं. अंधांसाठीच्या एका ऑनलाइन ग्रंथालयातून पुस्तक उतरवून घ्यायचं आणि ऐकत बसायचं. शाळेत अक्काला सगळे 'बाई' म्हणायचे, तेच नाव तिनं आवाजाला दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचे उच्चार सुधारायला घेतले. "अगं ज्ञ नीट म्हण की! काय वाचून राहिलीस?" बाई सुधारायची नाही आणि अक्का हटायची नाही.

झालं होतं ते असं. कॉम्प्युटरनं ठरवून टाकलं होतं की अक्का दहा ते पाच काम करणार, बाकी वेळ आपला, अपडेटसाठी. अक्का वाचायची पहाटे पाचला. तिला कुठे दिवा लावायचा होता! एका वाक्याच्या मध्येच अपडेट सुरू झालं, मशीन स्वतःच बंद होऊन चालू व्हायला लागलं. 'संगणक बंद करू नका' हे पडद्यावर लिहिलेलं असतं, आणि ते वाचून सांगणारी तर गप्प. अक्कानं अर्धा तास वाट पाहिली आणि भिंतीवरचं बटन दाबलं.

"बटन कशाला दाबलंस?" मी ओरडले.

"मला काय दिसलं?" ती म्हणाली.

ते आठवलं की अजून मला माझीच लाज वाटते.

मी नांदेडहून लोहा-अहमदपूरच्या एसटीनं लातूर गाठलं. मशीन सुरू होतं, वाचणारं सॉफ्टवेअरही नवंकोरं झालं होतं, पण जुन्या मराठी आवाजाचं त्याच्याशी जमेना. इंग्रजी तेवढं फाडफाड वाचायचं आणि मराठी ओळ आली की मौनव्रत. भाचा फोनवर म्हणाला, दिवाळीला येतो तेव्हा बघतो. उन्हाळा नुकताच लागला होता. मग कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं जुनं सॉफ्टवेअर परत बसवलं, बाई बोलायला लागली, आणि जाताना तो ऐटीत म्हणाला, "काकू, अपडेटचा विषयच खतम करून टाकला. आता काहीच होणार न्हाई."

ते खरं ठरलं. काहीच झालं नाही, नवं पुस्तकसुद्धा आलं नाही. चार महिन्यांनी ग्रंथालयाच्या पानानं कळवलं की तुमचा ब्राउझर फार जुना आहे, आत येता येणार नाही. मेकॅनिक म्हणाला, नवं टाकतो, पण बाई राहील याची गॅरंटी न्हाई. अक्कानं जवळ होतं ते एकच पुस्तक तिसऱ्यांदा ऐकायला घेतलं. "पाठ करून राहिले," म्हणाली, आणि हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

म्हणून मी नांदेडहून फोनवर तिला वाचून दाखवायला लागले. रोज संध्याकाळी एक तास. माझं आयुष्य सरकारी कचेरीत गेलं. फायलीतली कामाची ओळ हेरायची आणि बाकी पानं उलटायची, हीच सवय. पाचव्या दिवशी मी रानाचं एक लांबलचक वर्णन अल्लद ओलांडलं.

"मधलं गाळलंस," अक्का म्हणाली.

"न्हाई गं."

"हाव, गाळलंस. सांज झाली होती, एकदम सकाळ कशी झाली?"

आम्हा दोघींनाही एकच गोष्ट आठवत होती हे मला पक्कं माहीत आहे.

आमच्या बाबांना तरुणपणी वाचता येत नव्हतं. वस्तीतल्या कुणालाच येत नव्हतं. त्यांच्या नावानं आलेलं पत्र गावातल्या एका शिकलेल्या माणसानं चारचौघांत, हसत हसत, वरवर वाचून दाखवलं. गाळलेल्या ओळींत आजारी भावानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, लवकर ये. बाबा उशिरा पोचले. त्यानंतर ते अक्षरं शिकले, आमच्या समाजानं धम्म स्वीकारला त्याच सुमारास, विहाराच्या ओसरीवर बसून. आम्हा पोरींना त्यांनी एकच ताकीद दिली होती: आपलं आपण वाचायचं. अक्कानं ती पाळली, शेकडो पोरांना शिकवली. आणि मी तिला गाळून वाचत होते.

फोन ठेवला तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली होती. राग मेकॅनिकवर नव्हता, भाच्यावर नव्हता. दोन शिकलेल्या बहिणी कॉम्प्युटरच्या एका डब्यापुढं हात टेकून बसल्या होत्या, त्याचा होता. ठरवलं, हे शिकायचंच. मला जमणार नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं, पण म्हटलं असतं तर मी ऐकलंही नसतं.

तेच सॉफ्टवेअर आणि तोच आवाज मी नांदेडच्या माझ्या कॉम्प्युटरवर टाकला. ठेच लागायची ती इथं लागू दे, लातूरला नको. दोनदा माझी बाई मुकी झाली. दुसऱ्यांदा कुठं उमगलं की आवाज बनवणारे लोक वेगळे आहेत. वाचणारं सॉफ्टवेअर बदललं की काही दिवसांनी तेही आपली नवी आवृत्ती काढतात. आम्ही फक्त तेवढी कळ सोसायची होती. तोवर सॉफ्टवेअरला रोखायचं, आवाज आला की दोन्ही मिळून घ्यायचं. आणि अपडेट कायमचं मारून टाकायचं नसतं, थोडे दिवस थोपवायचं असतं, तसं बटनच असतं. 'कामाची वेळ' हाही एक रकाना असतो. त्यात मी अक्काची वेळ भरली, पहाटे चार ते रात्री दहा. त्याहून जास्त ते मशीन देईना, नाहीतर मी चोवीस तास लिहिले असते.

वार ठरला महिन्याचा दुसरा शनिवार. तिच्या भागात दुरुस्तीसाठी लाईट जायची ती गुरुवारी, तेव्हा शनिवार सुखाचा. त्याआधीच्या आठवड्यात सगळं माझ्याकडं करून बघायचं, बाई बोलली तर एसटी पकडायची. पहिल्या खेपेला मेकॅनिकही बघायला आला आणि चहा पिऊन काही न बोलता गेला. ग्रंथालयाचं दार उघडलं. अक्कानं एका दमात सहा पुस्तकं उतरवली, अधाशासारखी.

तिसऱ्या खेपेला म्हणाली, "तू बाजूला बस. मला सांग फक्त." कुठली कळ किती वेळा दाबायची हे तिनं पाढ्यासारखं पाठ केलं, मोठ्यानं म्हणत. अपडेट चालू असताना बाई गप्प होते, तेव्हा काय करायचं तेही तिनंच शोधून काढलं. डब्यावर पालथा हात ठेवायचा. आत पंखा फिरतोय तोवर काम चालू आहे, बटनाला हात लावायचा नाही.

डिसेंबरात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी, प्रवास बंद, वाचन बंद. शुक्रवारी मी फोन केला, "अक्का, या महिन्याचं राहू दे. थोपवून ठेव."

"उद्या दुसरा शनिवार हाय," ती म्हणाली. "तुझ्याकडं बोलली का बाई?"

"ऑपरेशनच्या आधी बोलली. पण मी तिथं नसताना..."

"मग झालं तर."

शनिवारी दहाला ती सुरू करणार होती. अकरा वाजले. मी फोन हातात घेऊन बसले आणि केला नाही, कारण तिचा एक हात डब्यावर असणार आणि मन त्या पंख्याकडं. बारा वाजले. मी मनात पन्नास वेळा ते भिंतीवरचं बटन पाहिलं. एका डोळ्यानं घड्याळ बघायला त्रास होत होता, तरी बघत होते.

साडेबाराला फोन वाजला. अक्का बोललीच नाही. तिनं फोन स्पीकरपाशी धरला होता, आणि बाई वाचत होती, तोच सपाट सूर, तोच बिघडलेला ज्ञ. रानाचं वर्णन होतं. तेच, मी ओलांडलेलं. चिंचेच्या झाडाखालची सावली, ओढ्याकाठची वाळू, परतणारी गुरं, एकेक ओळ. माझ्या पट्टीखाली डोळा चुरचुरायला लागला. डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती.

सांज संपून सकाळ झाली तेव्हा अक्का फोनवर आली.

"ऐकलंस ना सगळं?" ती म्हणाली. "आता पट्टी निघेपर्यंत रोज संध्याकाळी फोन लावते. बाई मधलं गाळत न्हाई."