जादूगारणीची थैली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, लेकीलाही नाही. कित्येकदा सांगायला बसलो आणि दाराची कडी लागलीय ना, हे बघायला उठलो — आत्ताही बघून आलो. सत्तरी उलटलेल्या माणसाला कशाची एवढी भीती वाटावी?

सिरसाळ्यात माझी हयात विज्ञान शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर पुण्याच्या लेकीनं एक खेळ शिकवला. टेबलाभोवती बसायचं. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं — कुणी योद्धा, कुणी चोर. डाव जमला की फसला, ते फासा ठरवतो. राक्षस, भुयारं, खजिने... पोरखेळच. पण रविवारी दुपारी परळीहून माझे दोन जुने सहकारी यायचे आणि आम्ही मधल्या खोलीत रंगून जायचो.

समोर द्वारकाबाई राहायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ब्लाउज शिवून पोट भरायच्या. बायको तेव्हा पुण्यात लेकीकडे होती, म्हणून आमचा चहा त्याच करायच्या. एकदा चहाचे कप न्यायला आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. "गुर्जी, मला बी घ्या की. पर हाणामारी न्हाई जमायची. मला मंत्रवाली करा."

मंत्रवालीला सामान लागतं. चिलखत चालत नाही. हातात काठी, जवळ पोथी आणि कमरेला थैली. थैलीत प्रत्येक मंत्राची एक वस्तू — वस्तू नसेल तर मंत्र लागत नाही. नवखा माणूस नेमका इथंच गोंधळतो. कागदावर लिहून दिलं असतं तरी भागलं असतं. त्यांना वाचता येत होतं. पण मला हुशारी सुचली — वस्तू खऱ्याच द्याव्यात, आणि त्याही आपल्याकडच्या. रक्षणाला बिब्बा. शत्रूला झोपवायला राख. उडायला काळ्या कोंबडीचं पीस. आणि शत्रूला जखडून ठेवायला टाचण्या टोचलेलं लिंबू. त्या टाचण्या मी माझ्या हातानं टोचल्या.

थैली त्यांनी उरलेल्या ब्लाउजपीसची शिवली. लिंबू घेताना मात्र थबकल्या. "हे कुणी बघितलं म्हंजी?"

मी हसलो. म्हणालो, "मी आहे ना."

पहिल्याच डावात त्यांनी लिंबू पुढं ठेवून राक्षस जखडला. परळीचे एक सर म्हणाले, "घ्या आता त्याचं माप, ब्लाउज शिवा!" द्वारकाबाई तोंडाला पदर लावून हसत राहिल्या. त्यांना तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

मग आमच्याच गल्लीतल्या एका सुनेचं पोटातलं मूल गेलं. त्याच आठवड्यात तिची सासू द्वारकाबाईंकडे ब्लाउज न्यायला गेली. मशीनच्या ड्रॉवरमधून कापड काढताना थैली खाली पडली. लिंबू घरंगळत थेट सासूच्या पायाशी.

भर सकाळी गर्दी माझ्या दारात आली. द्वारकाबाईंना दंडाला धरून आणलेलं, बाही फाटलेली. त्या सुनेच्या नवऱ्याच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा.

"गुर्जी, ही बाई म्हणती हे तुमी दिलं. करणीचं लिंबू? काहून दिलं?" त्यानं विचारलं.

"सांगा की गुर्जी," द्वारकाबाई म्हणाल्या. "खेळाचं हाय म्हणून सांगा."

खरं सांगायला किती वेळ लागला असता? फासे आत टेबलावरच होते. नकाशा पसरलेला होता. चार पावलं आत नेलं असतं तर — पण मी दांड्याकडे बघत होतो. आणि मी म्हणालो, "मी असलं कशाला देईन?"

त्यापुढचंही लिहितो, नाहीतर हे पुन्हा अर्धंच राहील. मी म्हणालो, "करणीबिरणी काही नसते. सोडा त्यांना." म्हणजे विज्ञानाचा मास्तरही शाबूत राहिलो, आणि थैली मात्र त्यांच्याच गळ्यात. "गुर्जी म्हणतेत म्हणून सोडतो," असं म्हणून लोक गेले. गुरुजींनी बाईला वाचवलं, असं गावात माझं नाव झालं. मी ते होऊ दिलं.

द्वारकाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. मला ओळखत नसल्यासारख्या.

त्यांच्याकडे कुणी कापड टाकेना. नळावर बायका आपले हंडे बाजूला ओढायच्या. थोड्या दिवसांनी शिलाई मशीन टेम्पोत घालून त्या घाटनांदूरला भावाकडे गेल्या. मी खिडकीच्या आड उभा होतो. निघालेला टेम्पो थांबवणं अवघड होतं का?

मागच्या उन्हाळ्यात मी घाटनांदूरला गेलो. वाक्य पाठ केलं होतं, एसटीत पुन्हापुन्हा म्हणत होतो. अंगणात त्यांची भावजय आणि दोन शेजारणी बसलेल्या. मला बघताच द्वारकाबाईंचा चेहरा पांढरा पडला. झटकन पुढं आल्या. "हे आमच्या तिकडचे गुर्जी. लई देवमाणूस."

चहा देताना त्या वाकल्या आणि मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हितं कुणाला ठावं न्हाई, गुर्जी. पाया पडते, काय बोलू नगा."

'द्वारकाबाई, मी खोटं बोललो, मला माफ करा' — एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो, "चहा छान झालाय."