कळसला नेलेला उंदीर

त्या वर्षी गणपती गेले आणि पाठोपाठ सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या. आमच्या बारामतीत लोक नाकाला रुमाल बांधून भाजी घ्यायला लागले. नेमका तेव्हाच माझ्या पिंजऱ्यात उंदीर सापडला. आमच्याकडे गणपतीच्या वाहनाला मारत नाहीत. पकडायचा आणि कालव्यापलीकडे सोडून यायचं, हा माझा नेम. या वेळी तिकडच्या बायका पुलावरच आडव्या आल्या. "काकू, तुमचं पुण्य तुमच्याच आळीत ठेवा," म्हणाल्या. शेजारच्या शिंदेवहिनींनी तर सरळ नगरपालिकेच्या माणसांना बोलवायची धमकी दिली.

धाकटी बहीण सुमन कळसला दिलेली. तिच्या सासऱ्यांच्या पित्रांना मला जायचंच होतं. म्हटलं, एका तिकिटात दोन कामं होतील. मोकळ्या रानात एका उंदराचं ते काय ओझं! पिंजरा फडक्यात गुंडाळून पिशवीत घातला आणि सकाळची इंदापूर एसटी धरली.

या रस्त्याने जाल तर मागच्या बाकावर बसू नका, खड्ड्याला डोकं टपाला आपटतं. भवानीनगरपर्यंत दोन्ही अंगांना उभा ऊस होता. कारखान्याचं धुराडं अजून थंड होतं. माझं मात्र खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. पिशवीत खरखर चालली होती आणि पुढचा रुमालवाला माणूस सारखा मागे वळून बघत होता.

"बाई, काय हाय पिशवीत?"

"नारळ," मी म्हणाले. तेवढ्यात आतून चीं झालं.

"नारळ वरडतुय व्हय?"

माझ्या शेजारी पेरूची पाटी घेतलेली एक माळीण बसली होती. तीच त्याला म्हणाली, "कोंबडीचं पिलू आसंल. तुमी म्होरं बगा की." मग माझ्या कानाशी लागली, "उंदीर हाय न्हवं? ह्यो पेरू टाका आत, गप बसंल." पेरू पडला आणि खरंच शांतता झाली. कुठे नेताय विचारलं, मी सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "आमच्या रानात काय कमी पडल्यात व्हय? आता शेरातलं पाव्हणं बी आमीच संबाळायचं."

पेरूचे पैसे तिने घेतले नाहीत. फाट्यावर उतरून एक रुपयाचा चहा घेतला आणि कळसची जीप धरली. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर लवकर निघा.

सुमनने खाऊ समजून पिशवी उघडली.

"आक्का, ह्ये काय?"

"बांधावर सोडू. जीव मारायचा नाही, आणि त्यातून पित्रांचे दिवस."

ती मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. आढ्याला दोरीने एक पोतं टांगलेलं होतं, आणि दोरीत पत्र्याची थाळी ओवली होती, उंदीर घसरून पडावा म्हणून. "ह्ये शाळवाचं बी. हस्तात पेरायचं हाय. गेल्या साली पोतं भुईला ठेवलं तर निम्मं खाल्लं, पेरायला उसनं आणलं. तुला पाप नगं म्हणून माज्या दारात व्हय?"

सुमनच्या सासूबाई चुलीपाशी वडे तळत होत्या. "आमी बी गणपती बसवतो, बाई," त्या म्हणाल्या. "त्याच्या पायाशी उंदीर आसतुय, त्येला हळदकुंकू वाहतो. रानात दिसला की दगूड घालतो. हात ह्योच."

दुपारी पत्र्यावर कावळ्याचा घास ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर येऊन बसले, पण शिवेनात. पानं वाढलेली, सगळे उपाशी. घासाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं धरतात, आणि हात जोडून त्याला वचन द्यायचं असतं. सासूबाई म्हणाल्या, "गाईला बगतो. पोरास्नी शिकिवतो." कावळे जागचे हलले नाहीत. "बियाणं राकतो," सुमन म्हणाली. तरी नाही. मग सगळ्यांनी ओट्यावरच्या पिंजऱ्याकडे पाहिलं आणि तिथून माझ्याकडे.

मी हात जोडून म्हणाले, "हा उंदीर तुमच्या शिवारात सुटणार नाही."

एक कावळा उतरला. आधी पिंजऱ्यावर बसला, आत डोकावला, आणि मग पत्र्यावर जाऊन वडा उचलून उडाला. तो वचनाला आला की उंदराला, मला आजही ठाऊक नाही.

सगळ्यांची जेवणं झाली. इथे सोडायची सोय उरली नव्हती. परत न्यावा तर पुलावरच्या बायका होत्याच. कुठेही सोडला तरी कुणाच्या तरी दाण्यापाशीच जाणार. सुमन म्हणाली, "ठिव तितं. ह्ये जेवून रानात गेल्यात, आलं की बगतील."

"नको. मी आणलाय."

बादली मीच भरली. हौदातलं पाणी गुरांचं, म्हणून आडाचं शेंदलं. तोंडाने गणपतीचं नाव घेत पिंजरा बुडवला आणि दांडी घट्ट धरून ठेवली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पण हात लावला नाही. नंतर खड्डा मात्र त्यांनीच काढला.

दुसऱ्या दिवशी इंदापूरमार्गे परतले, तिथून बारामतीला गाड्या भरपूर. स्टँडबाहेर एक माणूस गोणपाटावर मेलेले उंदीर ओळीने मांडून औषध विकत होता. "खाईल घरात, मरंल दारात," असं ओरडत होता. लोक पुड्या घेत होते, आणि घेऊन झाल्यावर रुमालाने हात पुसत होते. मी भजी घेणार होते, ती राहिली.

घरी आल्यावर आंघोळ करून देवापुढे बसले. गणपतीच्या पायाशी पितळेचा इवलासा उंदीर आहे. त्याला रोजच्यासारखं हळदकुंकू वाहिलं. पाप लागलं असेल तर ते माझ्या नावावर आहे, सुमनच्या नाही, एवढं त्याला सांगितलं.

चार दिवसांनी शिंदेवहिनी पिंजरा मागायला आल्या. त्यांच्या माळ्यावर खुडबुड चालली होती.

"देते की," म्हटलं. "सोडणार कुठे?"

त्यांनी कालव्याकडे हात केला. मी आत गेले, पिंजरा आणला आणि त्याच्याशेजारी बादली ठेवली.