लाइट गेली की केस बांधायचे

माझ्या बहिणीला मरून वर्ष झालं नाही तोच तिला हिंदी यायला लागली. जिवंत असताना भाजीवाल्याशी घासाघीस करायची वेळ आली की ती मला पुढे ढकलायची. घरात अहिराणी, शाळेत जेमतेम मराठी, त्यापलीकडे तिची जीभ वळत नसे. आणि आता म्हणे सुरतेच्या पांडेसऱ्यात, लूमच्या कारखान्यांत, लाइट गेली की ती कारागिराच्या पाठीमागे उभी राहते आणि विचारते, "मेरी चोटी किधर है?" ही बातमी आमच्या लिंबायतच्या गल्लीत एक बोहारीण घेऊन आली. ती मुलगी याच घरातली, हे तिला बिचारीला कुठून ठाऊक असणार. माय ओट्यावर साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि धागे कापत राहिली.

आम्ही खान्देशातून सुरतेला आलो तेव्हा मी मायच्या कडेवर होते आणि ताई बोट धरून चालत होती. आबा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कारागीर झाले, मायने घरबसल्या धागे कापायचं काम धरलं. ताईचे केस पुढे तिच्यावर निघालेल्या सिनेमात दाखवले तसे पायघोळ नव्हते, कमरेच्या जरा खाली येत. पण दाट होते. माय रोज सकाळी तिला पुढ्यात घेऊन पाच पेडांची वेणी घालायची आणि आबांनी कारखान्यातून आणलेला वाया गेलेला जांभळा धागा शेवटपर्यंत त्यात गुंफायची. माय डावखुरी होती. त्यामुळे तिने घातलेली वेणी इतर बायकांच्या वेणीच्या उलट अंगाने वळायची. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, या घरात सगळंच उलटं.

आबांचा डबा दुपारी ताईच घेऊन जायची. दोन लूमच्या मधून माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट असते. डबा ठेवायला ती वाकली, वेणी पुढे आली आणि मोटरच्या पट्ट्यात गेली. आबा चार हातांवर पाठमोरे उभे होते. त्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, तिथे तिची हाक कोणाला ऐकू जाणार? शेजारच्या कारागिराने मोटर बंद केली. धागा कापायची कैची प्रत्येकाच्या खिशात असते, त्याच कैचीने त्याने वेणी मानेजवळ कापून तिला सोडवलं. पण मान आधीच मोडली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

घाईगर्दीत सगळ्यांनी ताईला पाहिलं, वेणीकडे कोणी पाहिलं नाही. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळे माय दारातूनच मागे फिरली. दहाव्याला तापीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. आबांनी हात जोडून नाही नाही ती वचनं दिली, धाकटीला शिकवीन म्हणाले, तिच्या मायला सांभाळीन म्हणाले. कावळे झाडावर बसून बघत राहिले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि माणसं घरी आली. मायने एवढंच विचारलं की वेणी कुठे आहे. तेव्हा कुठे आबांच्या डोक्यात उजेड पडला. ते तसेच कारखान्यात गेले. मुकादम म्हणाला, कचऱ्यासोबत झाडून टाकली असेल.

मायच्या दृष्टीने तिथेच सगळं अडलं. पोरगी सगळी जळली नाही, तिचा एक भाग मागे राहिला, म्हणून ती अडकली. आबा समजूत घालायचे की केसांचं काय एवढं, पण त्यांचाही आवाज पोकळ असायचा. मी अकरा-बारा वर्षांची होते आणि मला मायचंच पटत होतं. आजही, दोन पुस्तकं जास्त वाचूनही, मला आबांपेक्षा मायचंच पटतं.

कावळा शिवला नाही ही गोष्ट गल्लीत राहिली असती तरी चाललं असतं. पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? आधी म्हणाले, ती त्याच लूमच्या मागे बसलेली दिसते. मग तिच्या हातात कैची आली. गोष्ट पलीकडच्या बमरोलीत पोचेपर्यंत तिचं लग्न झालेलं होतं आणि नवऱ्याने तिला यंत्रात ढकललं होतं. कोणाचा कान गेला, कोणाचं बोट गेलं, सगळं तिच्या खात्यावर. त्या कारखान्यांत माणसांची बोटं तिच्या आधीही जात होती, तेव्हा ती कोण कापत होतं हे कोणी विचारलं नव्हतं.

या सगळ्यातून एक रीतच पडून गेली. लाइट गेली की कारखाने एकदम गप्प होतात. एरवी रात्रंदिवस कानात भरलेला खडखडाट थांबतो. त्या शांततेत ती येते, आणि जिची वेणी मोकळी दिसेल तिची मानेजवळ कापून नेते, असं ठरलं. म्हणून लाइट गेली की गल्लीतल्या पोरी धावत घरात जाऊन वेणीचा अंबाडा करून त्यात पिना खोचायच्या. शाळेतही तेच. पंखा थांबला की वर्गातल्या सगळ्या मुलींचे हात डोक्यामागे. मी एकटी वेणी पाठीवर सोडून बसायची. मला वाटायचं, यावी. माझी घेऊन जावी आणि सुटावी. ती कधी आली नाही.

मग सिनेमा आला. आमच्या भागात लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता. त्याने सुट्टीच्या दिवशी त्याच कारखान्यात कॅमेरा नेऊन हा सिनेमा काढला आणि पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये लावला. रिक्षावर भोंगा बांधून गल्लोगल्ली पुकारा चालायचा की सच्ची घटना आहे, कमजोर दिलवाल्यांनी येऊ नये. सिनेमाचं नाव मी लिहिणार नाही. ज्याने माझ्या बहिणीचं नाव पुसलं त्याचं नाव मी कशाला सांभाळू?

आबांनी त्या हॉलच्या रस्त्याने जाणं सोडलं. माय मात्र एक दिवस साडी बदलून निघाली. बायकांचा शो होता, तीनचा. मला सोबत घेतलं. तिला एवढंच बघायचं होतं की लोक आपल्या पोरीला कशी समजतात.

शेठचा मुलगा मुलीला लूममध्ये ढकलतो, असं त्या गोष्टीत होतं. मग ती पांढऱ्या साडीत परत येते आणि एकेकाला कापते. आधी मुकादम, मग शेठ, मग शेठचा मुलगा, आणि ते संपले की ज्यांचा काही संबंध नाही तेही. रक्त म्हणून डाइंगमधला, कापड रंगवायचा रंग वापरला होता, पडद्यावर तो गुलाबी दिसत होता. माझ्या आजूबाजूच्या बायका पदर तोंडात धरून किंचाळत होत्या, मध्येच हसत होत्या. ज्या कैचीने ताईला सोडवलं होतं तीच यांनी तिच्या हातात दिली होती. मला इतका राग आला की हाताला लागलेलं बाकाचं लाकूड मी नखांनी कुरतडत बसले.

शेवटी हिरोला लूमखाली तिची वेणी सापडते. तो ती पत्र्याच्या घमेल्यात ठेवतो, रॉकेल ओततो आणि पेटवतो. भूत हात जोडतं आणि विरून जातं. पेटवण्याआधी कॅमेरा वेणीच्या अगदी जवळ गेला. पाच पेड. जांभळा धागा. आणि वळण उलट्या अंगाचं.

मायने माझं मनगट धरलं. "हाई वेनी मनी पोरनी शे," ती म्हणाली. मोठ्याने नाही, मला सांगायला म्हणूनच. तोवर वेणी पेटली होती.

आबा दुसऱ्याच दिवशी त्या शूटिंगवाल्याकडे गेले. तो माणूस वाईट नव्हता, हेच वाईट झालं. भांडायला काही जागाच राहिली नाही. त्याने आबांना खुर्ची दिली, चहा मागवला. मुकादमाने वेणी भीतीपोटी मीटरच्या पेटीमागे लिंबू-मिरचीसोबत लपवून ठेवली होती, सिनेमासाठी त्यानेच ती काढून दिली. ती कोणाच्या तरी लेकीची आहे, हे याच्या ध्यानातच आलं नव्हतं. राख कुठे गेली विचारलं तर म्हणाला, झाडून टाकली. आबा उठले तसे त्याने त्यांच्या खिशात दोन पास घातले. "मासी को ले के आओ, काका. आराम से देखो."

आबा ते पास घरी आल्यावर फाडणार होते. मायने ते हातातून काढून घेतले. म्हणाली, खोटं नाटक असेल, पण आग खरी होती ना? पोरगी पुरी जळली ना? मागच्या वेळी ओळखेपर्यंत वेणी पेटून गेली होती, हात जोडायचंही राहून गेलं होतं.

शोला जायच्या दिवशी मायने काही खाल्लं नाही. सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, जुनं लुगडं नेसली. हॉलमध्ये आम्ही पहिल्या बाकावर बसलो. मधली सगळी कापाकापी ती मान खाली घालून बसली होती, लोकांच्या ओरडण्याकडे तिचं लक्ष नव्हतं. घमेलं दिसलं तशी ती उभी राहिली. पदरात बांधलेले तीळ आणि तुळशीची पानं तिने पडद्यापुढे टाकली, हात जोडले आणि आग विझेपर्यंत तशीच उभी राहिली. मागून पोरं "ए मासी, बैठो" म्हणून शिट्ट्या मारत होती. ज्या स्मशानात तिला कोणी नेलं नव्हतं तिथे ती पास घेऊन आली होती. मला रडू आलं, पण मायचे डोळे कोरडे होते. घरी आल्यावर तिने मला दाराबाहेर थांबवलं, अंगावरच्या कपड्यांसकट माझ्यावर पाणी ओतलं आणि स्वतःही तशीच न्हाली.

दुसऱ्या दिवशी तिने पत्र्यावर भाताचा गोळा ठेवला. कावळा झटकन आला आणि शिवला. आमच्या गल्लीत कावळ्यांची काय कमी, पण हे बोलायची हिंमत आबांनाही झाली नाही, मलाही झाली नाही. माय त्या दिवशी पोटभर जेवली. संध्याकाळी तिने मला पुढ्यात घेतलं आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच माझी वेणी घातली, पाच पेडांची, उलट्या वळणाची. तिची बोटं माझ्या मानेला लागत होती. आता घर पुन्हा घरासारखं होईल, असं मला मनापासून वाटलं.

आठवडाभर तसं वाटलंही. मग भोंग्याची रिक्षा पुन्हा फिरली. लोकांच्या आग्रहामुळे सिनेमा अजून काही दिवस चालणार होता. शेजारची मुलगी दुपारचा शो बघून घाबरीघुबरी घरी आली. आमच्या दारात उभी राहून मला सांगू लागली की ती मुकादमाला कशी कापते. माय आत भाकरी थापत होती. तिने तवा उतरवला, हात पुसले आणि चालू लागली. मी मागोमाग पळाले.

माय वेडी नव्हती. कॅसेट म्हणजे काय हे तिला कळत होतं, आमच्याच गल्लीत लग्नाच्या कॅसेटी दहादा लावून बघायचे लोक. पण कळणं आणि डोळ्यांनी बघणं यात फरक असतो. हॉलच्या दाराला पडदा होता. दारावरच्या माणसाने ओळखलं आणि पडदा बाजूला केला. समोर सिनेमाच्या पडद्यावर, लूमच्या मागे, ती उभी होती. हातात कैची, केस मोकळे. लोक किंचाळत होते. तीनच्या शोला जळायची आणि सहाच्या शोला पुन्हा कापायला उभी राहायची, रोज, आणि कॅसेट नंदुरबारला, धुळ्याला जाईल तिथेही.

"या लोके तिले जळू देतस नही," माय म्हणाली.

पत्र्यावर तिने पुन्हा भात ठेवला नाही. आबांनी शेठ बदलला, आम्ही खोलीही बदलली, पण गोष्ट आमच्या आधी तिथे पोचलेली होती. नव्या शेजारणीने पहिल्याच दिवशी मायला बजावलं की इकडे तशी एक आहे, मुलीचे केस सांभाळा. मायने मान हलवली.

काही दिवसांनी भर दुपारी लाइट गेली. सगळीकडचे लूम एकदम थांबले. गल्लीत पोरींची पळापळ झाली. मी सवयीने जागची हलले नाही, वेणी पाठीवर तशीच राहू दिली. माय चुलीपासून उठून माझ्याजवळ आली. मला वाटलं, जवळ बसेल. तिने दोन्ही हातांनी माझी वेणी उचलली, घाईघाईने गुंडाळून अंबाडा केला आणि त्यात पिना खोचल्या. एक पिन माझ्या डोक्याला लागली. ती सारखी दाराकडे बघत होती.

"केस बांधी ले," ती म्हणाली. "ती येई."