डावा कौल

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते आणि घरातही शिकवत सुटते, अशी आईची जुनी तक्रार. मुलुंडला बाबा आयसीयूत होते तेव्हाही माझी जीभ काही गप्प बसली नाही.

आईने कोकणातल्या काकांना फोन करून बाबा बरे होतील का, असा ग्रामदेवतेला कौल लावायला सांगितलं. गुरव गाऱ्हाणं घालतो, मूर्तीला फुलं चिकटवतो. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. संध्याकाळी काकांचा फोन आला. तो ठेवून आई म्हणाली, उजवा आला, देव आहे. मला मनातून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

मग रोज हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून तिचं तेच. किडनी बंद पडली, देव आहे. व्हेंटिलेटर लावला, देव आहे. काहीही झालं तरी जे विधान खोटं ठरूच शकत नाही ते काहीच सांगत नाही, हे मी वर्गात फळ्यावर लिहिते. तिलाही दोनदा ऐकवलं. तिने फक्त डब्याचं झाकण लावलं.

बाबा गेले. तेरावं झाल्यावर दुपारी ताटं पुसता पुसता ती पुन्हा तेच पुटपुटली आणि माझं डोकं फिरलं.

"कौल उजवा आला होता ना? मग देव नाही असं म्हणायला अजून काय व्हायला हवं, ते तरी सांग."

आईने ताट खाली ठेवलं. "उजवा नव्हता गं. डावा आला होता."

म्हणजे त्या संध्याकाळपासून तिच्या लेखी बाबा जाणार हे ठरलेलं होतं. म्हणून तिने दादाला दुबईहून तातडीने बोलावून घेतलं. म्हणून नर्सची विनवणी करून बाबांची दाढी करून घेतली. मी त्याला तिची भाबडी आशा समजत होते. आशा तर मलाच होती, तीही तिने खोट्या सांगितलेल्या कौलावर.

"मग रोज देव आहे, देव आहे, ते कशासाठी?" मी विचारलं.

"तुम्हाला कोणाला सांगता येत नव्हतं," ती म्हणाली. "मग त्याच्याशिवाय कोण होतं माझ्याबरोबर त्या बाकड्यावर?"