न विरणारी पट्टी

रामकुंडावर अस्थी घेऊन येणाऱ्या यजमानांना मी पंचवीस वर्षं दोन वाक्यं ऐकवत आलो आहे. "सावकाश उतरा, पायरीला शेवाळ आहे" आणि "इथे अस्थी काही तासांत विरून जातात." त्यातलं पहिलं म्हणता म्हणताच मी त्या पायरीवरून घसरलो आणि घोटा मोडून घेतला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. मी तर चांगला नखशिखांत ओला होतो.

डॉक्टर म्हणाले, "स्टीलचा स्क्रू घालू किंवा विरघळणारा. विरघळणारा हाड जुळेपर्यंत धरून ठेवतो, मग दोन-तीन वर्षांत आपोआप नाहीसा होतो."

"एवढा वेळ? आमच्याकडे काही तासांत काम होतं," मी ऐटीत म्हणालो.

"हो, आणि कपाटातली पट्टी?" बायको म्हणाली.

पट्टी वडिलांची. वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा मीच डॉक्टरांना बजावलं होतं, "चांगलं टिकाऊ काहीतरी घाला." माझं इतकं मनापासून कुणी कधी ऐकलं नव्हतं. वडील गेले, आणि अस्थी वेचताना राखेतून ती स्टीलची पट्टी निघाली, स्क्रूंसकट, जशीच्या तशी. अस्थी कुंडात सोडल्या. पट्टी हातातून सुटेना. "धातू टाकणं शास्त्रात बसत नाही," असं मी घरी ठोकून दिलं. कुठल्या शास्त्रात, ते मला अजून सापडलेलं नाही. खरं एवढंच, की वडिलांचं हाताला लागेल असं तेवढंच उरलं होतं. लोकांच्या मुलांना "आता सोडा" म्हणून दटावणारा मी दर अमावास्येला ती पट्टी पुसून ठेवतो.

"स्टीलचाच घाला," मी डॉक्टरांना म्हणालो. "मागे काहीतरी उरलेलं बरं."

कॉलेजात जाणारी माझी मुलगी इतका वेळ मोबाइलमध्ये होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही पट्टी पुसता ते मी दाराआडून बघते. मला तसं बसायचं नाहीये."

मी विरघळणाऱ्या स्क्रूच्या कागदावर सही केली.

घोटा आता दुखत नाही. परवा पट्टी पिशवीत घालून कुंडावर गेलो, पायरी सांभाळून उतरलो, बराच वेळ उभा राहिलो आणि पट्टी घेऊन घरी परत आलो. कपाटाचं दार मुलीनेच उघडून दिलं.