अध्यक्षांच्या हॉलमधला खटला

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं आणि इथे ओमानमध्ये, सहमला, एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या दुकानात शेतीचे पंप विकतो. त्याची मला लाज नाही. गावात मराठी घरं पंधरा-सोळा. त्यांच्या मुलांना मी इथल्या मराठी मंडळातर्फे दर शनिवारी सकाळी मराठी शिकवायचो. आठवड्यात तेवढे दोन तास मी ‘सर’ असायचो, आणि ते मला फार आवडायचं.

एका शनिवारी मुलांना अथेन्समधल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. बाजारात भल्याभल्यांना प्रश्न विचारायचा, म्हणून गावाने त्याच्यावर खटला भरला. हा देव मानत नाही, पोरांना बिघडवतो. गप्प बसतो म्हणाला असता तर कदाचित सुटला असता. नाही म्हणाला. विष प्यायला. गोष्ट रंगली, आणि त्या भरात मी गृहपाठ दिला: ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत नाही असा एक प्रश्न घरी विचारा. मराठीत.

बहुतेकांनी गणपती पाण्यात का सोडतात, असलं काहीतरी विचारलं. मंडळाच्या अध्यक्षांची मुलगी सातवीत होती, मराठी अडखळत बोलायची. तिने जेवताना वडिलांना विचारलं, “बाबा, ताईचा पासपोर्ट तुमच्या कपाटात लॉक का आहे?” ताई म्हणजे त्यांच्याकडे राहून घरकाम करणाऱ्या बाई.

बुधवारी मला अध्यक्षांच्या घरी बोलावणं आलं. कमिटीचे पाच जण सोफ्यावर, मला जेवणाच्या टेबलाची खुर्ची.

“सर, आम्ही पोरं अथर्वशीर्षासाठी पाठवतो,” एक वहिनी म्हणाल्या. “ग्रीसबिस कशाला मध्येच?”

“आमचा आता देवालाच का-का विचारतोय,” त्यांच्या शेजारचे म्हणाले. “मी तर म्हणतो, वर्ग खलास करा.”

मी म्हणालो, “प्रश्न विचारण्यात वाईट काय आहे?”

अध्यक्षांनी आवाज अजिबात चढवला नाही. “सर, तुमचा पासपोर्ट कुठे असतो हो?”

“अर्बाबकडे. दुकानाच्या तिजोरीत.”

“मग, त्यांना कधी विचारलंत, का म्हणून?”

सगळे हसले. नेमक्या त्याच वेळी ताई चहा घेऊन आल्या. मी त्यांच्याकडे न बघता कप उचलला. इथल्या आठ वर्षांत मी खरंच कधी विचारलं नव्हतं.

हात वर करून मतं झाली. मी लेखी माफी दिली तर वर्ग चालू, नाहीतर बंद. अध्यक्षांनी कागद पुढे केला. मला वर्ग हवा होता. ‘मुलांना चुकीचं वळण लावलं, क्षमस्व,’ असं लिहून खाली सही केली. वहिनी कागद बघून म्हणाल्या, “अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं!”

पुढच्या शनिवारी सगळी मुलं आली. अध्यक्षांच्या मुलीने अथर्वशीर्षाचा दिलेला भाग न अडखळता म्हणून दाखवला. शेवटी मी सवयीने म्हणालो, “कुणाला काही विचारायचंय?”

कुणीच हात वर केला नाही. मी तिच्याकडे बघितलं. ती वही दप्तरात भरत होती.

“नो, सर,” ती म्हणाली. मग आपणच दुरुस्त केलं, “नाही, सर.”